सोनबंदरच्या दगडावरचं सातवं नाव

रूबेनकाका चौलकर जिना चढून आले, पण खुर्चीवर बसले नाहीत. फोनमधला एक फोटो उघडून त्यांनी तो फोन सुचिताच्या टेबलावर ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

फोटोत एक काळा दगड होता. त्यावर सहा नावं होती, आणि सातव्या नावाच्या जागी पांढुरकी खरड.

"काल सकाळी सात होती," ते म्हणाले.

सुचिता वर्तक अलिबागच्या कोर्टात वीस वर्षं समन्स पोचवणारी बेलिफ होती. घरात असून नाही म्हणणारी माणसं तिनं इतकी पाहिली होती, की बंद दारामागचा श्वासही तिला ओळखू येई. नोकरी सोडून आता ती खाजगी तपासाची कामं घेई. तिचा मावसभाऊ गणराज हा निवृत्त हवालदार. तो गाडी चालवी, नोंदी ठेवी, आणि प्रत्येक प्रकरणात पहिल्या तासाभरात मनातल्या मनात चुकीच्या माणसाला बेड्या घालून मोकळा होई.

काकांनी सांगितलं ते असं. एकोणीसशे एकोणचाळीस साली युरोपातून जीव घेऊन पळालेले सात ज्यू सोनबंदरला आले. मागं राहिलेली त्यांची सगळी माणसं पुढं त्या वंशसंहारात संपली. या सातांना काकांच्या वडिलांनी आपल्या तेलाच्या घाण्याच्या घरात ठेवून घेतलं, आणि कोळीवाड्यानं त्यांना जेवू घातलं. लढाई संपल्यावर चौघं परदेशी गेले. दोघं इथंच वारले, गावच्या ज्यू कबरस्तानात त्यांच्या कबरी आहेत.

"आणि सातवं?"

"लेनी. आली तेव्हा वर्षाची होती. दोन वर्षांनी तिची आई तापानं गेली. पोरही त्याच तापात गेलं असणार. आबांच्या कागदांत तिच्याबद्दल पुढं एक ओळ नाही."

"तिची कबर?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. मग खरं दुखणं बाहेर आलं. उद्या अकराला दगडाचं अनावरण होतं. गेलेल्या चौघांची मुलंनातवंडं, तेरा माणसं, मुंबईत उतरली होती. आज सहापर्यंत कळवायचं होतं, त्यांची बस सोडायची की रद्द करायची.

"गावातले आमचे ज्यू सगळे परदेशी गेले, मी एकटा राहिलो. मुलगी तिकडून दर आठवड्याला विचारते, बाबा, कधी येताय? मी म्हणतो, अगं, या गावानं आमच्यावर कधी बोटही उगारलं नाही." त्यांचा आवाज खाली गेला. "हे कुणी द्वेषानं केलं असेल तर त्या तेरांना मी इथं उभं करणार नाही. आणि मीही जाईन."

रेवदंड्याच्या खाडीपलीकडं, सुरूच्या बनाआड सोनबंदर आहे. दगड कोळीवाड्याच्या तोंडाशी उभा होता. गणराजनं वरची ओळ वाचली: 'वंशसंहारातून वाचून या किनाऱ्याला लागलेल्या सात जीवांच्या स्मृतीस.'

सुचिता दगडाशी उकिडवी बसली. खरडलेल्या जागी बारीक बारीक टोचे होते, एकाला एक लागून. शेजारच्या नावाला ओरखडाही नव्हता. तिनं खालून बोट फिरवलं. कण नाही.

"वारा," गणराज म्हणाला.

"दादा, बाकी चौथऱ्यावर धूळ आहे. इथंच पुसलंय."

पाथरवट दिनानाथ पालीचा. नावं कोरून पंधरा दिवस झाले होते, चौथऱ्याचं काम राहिलं होतं म्हणून थांबला होता. काल बारा ते तीन तो रेवदंड्याला जेवायला गेला, छिन्न्या कुलपात होत्या. संशय आपल्यावर येणार हे त्याला ठाऊक होतं, पण त्याचा राग निराळाच होता. "माझी छिन्नी रेघ सोडते, ताई. हे टोचून टोचून काढलंय. पाथरवटानं असं केलं तर तो जेवायचा नाही."

त्या तीन तासांत कोळीवाडा रिकामा होता. ओहोट दुपारची. पुरुष होड्यांवर आणि बाया खडकांना चिकटलेली कालवं फोडायला गेलेल्या.

गणराजच्या बेड्या तोवर बाबाजीच्या हातात पडल्या होत्या. बाबाजी म्हणजे वाड्यातला सगळ्यांत म्हातारा तांडेल, होड्यांचा म्होरक्या. दगड मासळी वाळवायच्या जागेवर उभा राहतोय म्हणून गावच्या सभेत सगळ्यांत जास्त तोच ओरडला होता. आणि झालंही तसंच. सुचितानं पहिलाच प्रश्न विचारला तेव्हा म्हातारा जाळं विणता विणता म्हणाला, "मीच फोडला. हातोडा घातला."

"किती घाव घातलेत?"

"दोन. तीन."

"धूळ कुणी पुसली?"

बाबाजीनं वर पाहिलं, पुन्हा जाळ्यात डोकं घातलं. "मी सांगतंय ना, मी फोडला. मला न्या न् मोकलं व्हा."

काकांचा चेहरा राखेसारखा झाला. लहानपणी ज्याच्या खांद्यावर बसून त्यांनी नारळी पौर्णिमेला होडीचा नारळ पाहिला, तोच हा माणूस. त्यांनी खिशातून फोन काढला. सुचितानं त्यांच्या हातावर हात ठेवला. "सहा वाजायला वेळ आहे, काका. आधी मला त्या आईची कबर दाखवा."

कबरस्तानाच्या भिंतीवर निवडुंग माजला होता. लेनीच्या आईच्या कबरीवर मात्र गवत नव्हतं. कडेनं कालवांच्या शिंपा मांडल्या होत्या, नीट, एका आड एक. पोरं खेळत असतील, काका म्हणाले. आमच्यात कबरीवर खडा ठेवायची रीत नव्हती, ती त्या युरोपातल्या पाहुण्यांची. सुचितानं एक शिंप उचलली. आतला ओलसर चकाकीचा थर उन्हानं पार मरून गेला होता.

"दहा-पंधरा दिवसांत इथं कुणी आलेलं नाही," ती म्हणाली. "त्याआधी मात्र नेमानं येत होतं."

दगडाला सगळ्यांत जवळचं घर नलूचं. नलू साठीची, हाताच्या कातडीला मीठ बसलेली. माजघरात तिची आई केसर अंथरुणाला खिळून होती. सत्त्याऐंशी वर्षांची, घारे डोळे छताला लागलेले. नलू भरभर बोलत होती. काल दुपारी ती खडकावरच होती, सगळ्यांसारखी कालवं फोडत. आजही आत्ताच आली. आईला पंधरा दिवस झाले असं होऊन, पेजेचा घोटही जात नाही. डॉक्टर म्हणतो वय.

जेवायची वेळ कधीच टळून गेली होती, आणि पाहुण्यांना उपाशी घालवायची तिथं पद्धत नाही. नलूनं तांदळाची भाकरी आणि तिसऱ्यांचं, छोट्या शिंपल्यांचं, कालवण वाढलं. गणराजनं दोनदा मागून घेतलं. येताना प्रत्येक दारात कालवांचे ढीग फुटत होते, ते पाहून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पण तिसऱ्याही वाईट नव्हत्या.

सुचिता मात्र जेवताना थांबली. मग म्हणाली, "काका, दार लोटून घ्या. दादा, तू पण बस. आता मी बोलते, आणि हे या चार भिंतींबाहेर जायचं की नाही, ते घरची माणसं ठरवतील."

नलूच्या हातातली पळी तशीच राहिली.

"बाबाजी खोटं बोलला," सुचिता म्हणाली. "हातोड्याच्या तीन घावांनी शेजारचं नाव उडालं असतं. हे नाव तासभर बसून, टोचून, दुसऱ्याला धक्का न लावता काढलंय. वर जागा पुसलीय. द्वेष करणारा माणूस पुसत बसत नाही. म्हणजे ज्यानं काढलं, त्याला त्या दगडाबद्दल आदर होता. मग बाबाजी कुणाला तरी झाकतोय.

"असे टोचे कशाचे? खडकावरून कालव सोडवायच्या टोकदार लोखंडाचे. ते इथं प्रत्येक बाईकडे आहे. पण आज सगळ्या घरांत कालवं आहेत आणि एकाच घरात तिसऱ्या. तिसऱ्या वाळूतून हातानं उकरता येतात. ज्या बाईच्या लोखंडाचं टोक काल काळ्या दगडावर गेलं, तिला आज कालवं फोडता येत नाहीत."

नलू उठली, चुलीमागून लोखंड काढलं, आणि काकांच्या पुढ्यात ठेवलं. टोक बोथट होऊन वाकलं होतं.

"पण का?" गणराजनं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"सातांतल्या सहांचा हिशेब लागतो, दादा. सातवीची कबर नाही. काकांच्या वडिलांनी चौघांचे कागद केले, दोघांना पुरलं, आणि लेनीबद्दल गप्प बसले. विसरून नव्हे, जाणूनबुजून. तिच्या आईच्या कबरीवर कुणीतरी वर्षानुवर्षं शिंपा ठेवतंय, पाहुण्यांची रीत लहानपणी पाहिलेलं कुणीतरी. पंधरा दिवसांपूर्वी ते थांबलं. पंधरा दिवसांपूर्वीच दिनानाथनं नावं कोरली. आणि त्याच दिवसापासून या घरात एक माणूस अंथरुणाला खिळलं." तिनं आवाज आणखी हळू केला. "दगडावर लिहिलंय, 'स्मृतीस'. जित्या माणसाचं नाव कुणी मेलेल्यांत लिहितं का?"



नलूनं पदर तोंडाला लावला. तिनंच आईला दगडावरची नावं वाचून दाखवली होती. शेवटचं नाव आलं तशी आई भिंतीला धरून खाली बसली, आणि रात्री सगळं सांगितलं. नलूच्या आजीचं, मनुबाईचं, तान्हं गेलं होतं, मांडी रिकामी होती. तिनं ही पोर पदरात घेतली. वाड्यातल्या जुन्यांना ठाऊक होतं, कुणी तोंड उघडलं नाही. "मेलेल्यात नाव लिवलं न् आय जायला लागली, काका. मी काय करनार होते?"

रूबेनकाका अंथरुणाशी जाऊन बसले. सत्तर वर्षं ज्या बाईकडून ते मासळी घेत आले होते, तिच्याकडे ते पहिल्यांदा पाहावं तसं पाहत होते.

केसरनं डोळे वळवले. आवाज सुकलेला, पण शब्द स्वच्छ होते. "दगडानं न्हाय रं काय झालं. ही येडी. मी भ्याले. आये सांगायची, त्या नावानं कुनी हाक मारली का आत पलायचं, घागरीच्या मागं बसायचं. न्यायला येतील." ती थांबली. "ते येनारे हायेत ना उंद्या?"

काकांनी तिचा हात हातात घेतला. "मावशी, तुला कुणी नेणार नाही. त्यांच्या आज्याआजोबांनी तुला अंगाखांद्यावर खेळवलं. त्यांना सांगायचं की नाही, ते तू ठरव. तू नाही म्हणालीस तर मी दगडच झाकून ठेवीन."

फोन वाजला. सहाला पाच कमी होते. काकांनी तो कानाला लावला नाही, केसरकडेच पाहत राहिले. फोन वाजत राहिला.



"नाव नको लिवू," केसर म्हणाली. "मेल्यावर लिव. दगड कुठं पलतोय?" मग कोपरावर जोर देऊन उठू लागली. नलू धावली. "किती जनं हायेत म्हनलास?"

"तेरा."

"नले, तांदूल काढ," केसर म्हणाली. "बसतील तर जेवूनच जातील."

काकांनी फोन उचलला. पलीकडून विचारलेलं सगळ्यांनाच ऐकू आलं. 

"सोडा बस," ते म्हणाले. "आणि सांगा त्यांना, सकाळी पोटभर खाऊन येऊ नका."