तीन नंबरवर कुणी नाही

हेजूसमोर कीबोर्डच्या बटणांखालचे एकसष्ट स्विच उघडे पडले होते. प्रत्येकाचे चार भाग: वरचं झाकण, खालचं घर, स्प्रिंग आणि मधली दांडी. बारीक ब्रशने एकेका दांडीला ग्रीस लावायचं. जास्त झालं तर बटण चिकटतं, कमी झालं तर खरखरतं. सेउन आर्केड या इलेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या बाजारात तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या गाळ्यात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला बाहेर थांबावं लागे, पण तिच्या हातचा कीबोर्ड मिळावा म्हणून लोक चार-चार महिने वाट बघत. हा मात्र रांग मोडून पुढे आला होता. हा आईचा होता.

स्विच जुने होते. खालच्या मजल्यावरचे भंगारवाले प्यो शेठ पिशवीभर घेऊन आले होते.

"कुठले, शेठ?"

"बंद पडलेल्या कुठल्याशा ऑफिसातले. पंचवीस-तीस वर्षं बोटं फिरलीत त्यांच्यावर. नव्या स्विचला असा मऊपणा जन्मात यायचा नाही."

"पण ऑफिस कुठलं?"

"भंगाराचं कूळ विचारू नये, पोरी. आईची बोटं दुखणार नाहीत ना, मग झालं."

ते खरंच होतं. औषधांनी आईच्या बोटांतली ताकद गेली होती, आणि नव्या स्प्रिंगा तिला दाबवत नव्हत्या.

सत्तावीस वर्षं आईने टेलिफोनच्या चौकशी खात्यात काढली. लोक नंबर विचारत, आई सांगे. आवाज असा, की काही जण पेन सापडत नसल्याचं निमित्त करून तोच नंबर पुन्हा विचारत. घरीही तोंडाला विसावा नसे. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना ती स्वतःशी पुटपुटायची. शेजाऱ्यांना शिव्या, हेजूचं न झालेलं लग्न, सगळं त्यात येई. एखादा नंबर पाठ करायचा असला तरी तो दहा-दहा वेळा पुटपुटून. वसंतात घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. गळ्याला एक भोक राहिलं, त्यावर जाळीचा पातळ रुमाल. आता हसली तरी तिथून नुसती हवा येई.

लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारा टॅब्लेट हेजूने आणून दिला, पण काचेवर आईची बोटं घसरत. एका वाक्याला पाच मिनिटं. हळूहळू तिने लिहायचंच सोडलं, आणि पाठोपाठ खायचंही. ऑपरेशनमधून वाचलेली आई अशी गप्प बसून आपल्या डोळ्यांदेखत संपेल, याची हेजूला भीती वाटत होती.

म्हणून तिने हा कीबोर्ड जोडायला घेतला. तळहाताएवढ्या रुंदीची अ‍ॅल्युमिनियमची पेटी, आत रबराच्या गाद्यांवर तोललेली पत्र्याची पट्टी, सर्किट, चपटी बॅटरी. वायर कुठेच नाही; डावीकडच्या एक, दोन, तीन नंबरच्या बटणांनी तो तीन वेगवेगळ्या यंत्रांना बिनतारी जोडता येई. कुठल्या बटणाने काय लिहायचं ते आपण ठरवायचं, त्यामुळे उजव्या कोपऱ्यातल्या तीन बटणांत तिने अख्खी वाक्यं भरली. 'नको.' 'दुखतंय.' आणि 'हेजू, जेवलीस का?' तिसरं आईने मागून घेतलं होतं. दिवसातून दहादा विचारायचं ते अक्षर अक्षर लिहीत कोण बसणार.

रविवारी ती चांगशिन वस्तीचा चढ आणि मग चार मजले चढून आईकडे गेली.

"एक नंबर दाबलास की टॅब्लेट, तो बोलून दाखवेल. दोन म्हणजे तुझा फोन. तीन नंबरवर कुणी नाही."

आईने लिहिलं. टॅब्लेट कोऱ्या आवाजात म्हणाला, "मग ठेवलास कशाला?"

"पुटपुटायला. तिथे लिहिलेलं कुठेच जात नाही. मनात येईल ते बोल, कुणाला ऐकू येणार नाही."

आईने तीन नंबर दाबला, भराभर काहीतरी लिहिलं आणि खांदे हलवत हसली. काय लिहिलं ते हेजूने विचारलं नाही. पुटपुटणाऱ्याला असं विचारायचं नसतंच.

पुढचा महिना सुखाचा गेला. आईचं वजन दोन किलोने वाढलं. मासळीवालीशी तिचं टॅब्लेटवरून कडाक्याचं भांडण झालं आणि ती जिंकली. "अजून तेच जॅकेट? भिकारीसुद्धा हिवाळ्यात बदलतो," असं हेजूलाही ऐकावं लागलं. ते कोऱ्या आवाजात ऐकतानाही हेजूला भरून आलं.

मग बॅटरीची तक्रार सुरू झाली. महिनाभर पुरायला हवी ती चार दिवसांत संपायला लागली.

"बडबड फार वाढली तुझी."

"सत्तावीस वर्षं पगार घेऊन केली. आता फुकट करते."

हेजूने कीबोर्ड हातात घेतला. तीन नंबरचा निळा दिवा लागलेला होता. पलीकडे काही जोडलेलं नसेल तर तो दिवा थोडा वेळ लुकलुकून विझतो. हा लुकलुकत नव्हता. शांतपणे तेवत होता. म्हणजे पलीकडे कुणीतरी होतं.

शेजारचा टीव्ही असेल. तिने जोडणी पुसून टाकली. दोन मिनिटांत दिवा पुन्हा स्थिर झाला. हे जरा विचित्र होतं, कारण नव्याने जोडायचं तर पलीकडच्यालाही हो म्हणावं लागतं.

दुरुस्तीला म्हणून ती तो घेऊन निघाली. या बिनतारी जोडणीचा पल्ला फार तर दहा पावलांचा. बसमध्ये तिने मांडीवरच्या पिशवीत डोकावून पाहिलं. दिवा तेवत होता. दोंगदेमुनच्या स्टॉपवर अर्धी बस उतरली, दुसरी माणसं चढली. दिवा तसाच. आर्केडच्या स्टॉपवर उतरताना तिने मागे वळून पाहिलं. तिच्यासोबत चढलेल्यांपैकी आता बसमध्ये कुणीच नव्हतं, आणि तिच्यासोबत उतरलंही कुणी नव्हतं. गाळ्यात शिरून तिने शटर ओढलं आणि पिशवी उघडली. जे काही होतं, ते तिच्याबरोबर आलं होतं.

तिने सर्किट बदललं, बॅटरी बदलली. दिवा लागला. जुनं असं फक्त स्विच आणि पेटी उरलं होतं, आणि त्या दोन्हींना कुणाशी जोडलं जाण्याची अक्कल नसते. प्यो शेठना तिने पुन्हा विचारलं. ते ऑफिस कुठलं होतं, हे त्यांना ज्याने माल विकला त्यालाही माहीत नव्हतं.

कीबोर्ड नसलेल्या तीन दिवसांत आईने पेज नुसती उष्टावून बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड करून झोपून राहिली. चौथ्या दिवशी हेजूने तो परत नेऊन दिला. दुसरा बनवायला तीन आठवडे लागले असते, आणि तेवढा वेळ आईजवळ आहे असं तिला वाटेना.

"तीन नंबर वापरू नकोस. बिघडलाय," एवढंच ती म्हणाली. आईने मान डोलावली. दार लावून घेताना हेजू तिच्यावर उगाच खेकसली, की वीस वर्षं दाराच्या आकडी कुलपाचा नंबर तोच आहे, त्या आकड्यांची बटणं झिजून चकाकतात, चोराला वेगळं काय सांगायला हवं. आईने पडेल चेहऱ्याने पुन्हा मान डोलावली.

पुढच्या रविवारी दुपारी जिन्यात समोरच्या बोंगसुक मावशी भेटल्या.

"अभिनंदन हं. आईचा आवाज आला की परत."

"टॅब्लेट बोलतो तो, मावशी."

"मला माणूस नि टॅब्लेट कळत नाही होय? वीस वर्षं त्या आवाजाच्या शिव्या खाल्ल्यात मी. काल दिवे गेले होते, जिन्यात कुणाचं तोंड दिसत नव्हतं. जेवलीस का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. दिवे आले तर कुणी नाही." त्या थांबल्या. "तुझंच नाव घेतलं पण. मला म्हणाली, हेजू, जेवलीस का."

हेजू उरलेले दोन मजले कशी चढली ते तिला कळलं नाही. तिने दाराचा नंबर दाबला. कुलपाने नकाराचा आवाज काढला. आईने नंबर खरंच बदलला होता. तिने दार वाजवलं, आईने आतून उघडलं, आणि कुलूप उघडलं की वाजते ती बाळबोध धून वाजली.

टेबलावर पेजेचे दोन वाडगे होते. आई खुशीत होती.

"तीन नंबर वापरलास?"

आईने नजर चुकवली. मग चोरी पकडल्यासारखी हसून तिने कीबोर्ड पुढे ओढला, तीन नंबर दाबला, एक वाक्य लिहिलं आणि थांबली.

वरच्या कोपऱ्यातला पांढरा दिवा लागला आणि विझला.

इंग्रजी मोठ्या अक्षरांसाठीचा, कॅप्स लॉकचा तो दिवा. कोरियन लिहिताना तो कधी लागतच नाही. आणि तो कीबोर्ड स्वतः लावत नाही, हे हेजूला पक्कं माहीत होतं. तो पलीकडचा लावतो.

आईने एक नंबर दाबला. टॅब्लेट म्हणाला, "हुं म्हणतं ते. प्रत्येक वाक्याला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, तूच ऐकतेस. म्हणून बोलत होते."

"मी नाही, आई."

आईचे हात बटणांवर तसेच राहिले. 

"काय काय सांगितलंस त्याला?"

आईने एकच शब्द लिहिला. मग टॅब्लेट म्हणाला, "सगळं."

हेजूने पेटी उलटी केली. चार स्क्रू. बॅटरीची पिन ओढून काढली. सगळे दिवे विझले, आणि आईची वाचाही त्यांच्यासोबत गेली.

रविवार होता. खालच्या मजल्यावरच्या शिवणकारखान्यातल्या मशीन बंद होत्या. घरात फक्त आईच्या गळ्यावरचा रुमाल आत-बाहेर होत होता.

"हेजू, जेवलीस का?"

आवाज दाराबाहेरून आला. शेवटच्या अक्षरावर किंचित वर जाणारा, नंबर दिल्यावर आणखी काही हवं का विचारणारा. सात महिन्यांत तो हेजूने ऐकला नव्हता. आई समोर बसली होती, तोंड मिटून.

हेजू आईकडे वाकली. "आई," ती कुजबुजली, "नवा नंबर कुणाला सांगितलास?"

आईने जोरात मान हलवली. कुणालाच नाही. मग तिची नजर उघड्या पेटीवर गेली आणि तिथेच थांबली.

तिने हात वर केला. तीन बोटं.

दाराची साखळी लावलेली नव्हती. दिवसा कोण लावतं. दार सहा पावलांवर होतं, पण आईने हेजूचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ती सोडत नव्हती.

बाहेर पहिलं बटण वाजलं.

दुसरं. तिसरं. घाई नव्हती. मनाशी पुटपुटत, पाठ केलेला नंबर दाबावा तसं.

प्रत्येक आकड्याला आईचे ओठ नुसते हलत होते.

चौथं. पाचवं.

सहावं.

मग कुलपाने आपली ती बाळबोध धून वाजवली.