तळघरातली थरथर

डॉक्टरांच्या दारात पाऊल टाकलं की पोटदुखी पळून जाते, तशी हेमलता टिपणीसांची मोटार बशीरभाईंच्या गॅरेजात शिरली की शहाणी व्हायची. तिथे, उद्यमनगरच्या उघड्या रस्त्यावर, इंजिन असं संथ घुमायचं, की बॉनेटवर भरला पेला ठेवला तरी थेंब सांडू नये. आणि घरी, इमारतीच्या तळघरात, तीच गाडी थंडीताप भरल्यासारखी थरथरायची, गचके द्यायची आणि समोरचा पिवळा दिवा लावून मोकळी व्हायची.

साल २०५८. कोल्हापुरात आता धावायचं ते सगळं विजेवर. पेट्रोल पिणाऱ्या आणि हवा ओढणाऱ्या ‘श्वासक’ गाड्या जिल्ह्यात अकराच उरल्या होत्या, आणि त्यांची नाडी कळणारे मिस्त्री एकच, बशीरभाई मुजावर. हेमलताबाईंचं अख्खं आयुष्य संवेदकशास्त्रात, सेन्सर घडवण्यात गेलेलं. पण या गाडीपुढे त्यांनीही हात टेकले होते.

गाडी टिकायला हवी होती ती त्यांच्या यजमानांसाठी. दिगंबरराव गणिताचे नावाजलेले मास्तर. गेल्या दोन महिन्यांत मात्र त्यांचं डोकं दुखायचं, बोलता बोलता डोळे मिटायचे, आणि साधी बेरीज विचारली तर ते कसनुसं हसायचे. वय झालं, असं डॉक्टर म्हणाले. या जुन्या गाडीत बसलं की ते खूश असतात, एवढं बाईंना ठाऊक होतं. म्हणून त्या रोज सकाळी त्यांना तळघरात नेऊन बंद गाडीत वर्तमानपत्र देऊन बसवायच्या. पूर्वी अर्धा तास, मग एक, आता तीन. संध्याकाळी ते जरा तरतरीत व्हायचे, तोही बाईंना गाडीचाच गुण वाटायचा. डोकं जितकं बिघडत गेलं तितका वेळ त्यांनी वाढवत नेला. सोमवारी जुन्या गाड्यांचा सरकारी तपासनीस येणार होता आणि गाडी तळघरात जागेवरच सुरू करून बघणार होता. नापास झाली की थेट मोडीत. मग या माणसाला उरलंसुरलं सुख कुठून आणायचं?

शेवटी शनिवारी बशीरभाईच हत्यारं घेऊन तळघरात उतरले.

“मॅडम, प्राणवायू-संवेदक नवा टाकला, हवामापक नवा टाकला, प्लग बदललं, थ्रॉटल धुतलं. आता निस्ता मालक बदलायचा ऱ्हायलाय,” ते म्हणाले आणि पहिलं काम म्हणून त्यांनी बॅटरीची तार काढून ठेवली.

“काढलीत परत?” बाई वैतागल्या. “अहो, गाडीचा संगणक रोज शिकत असतो. संवेदक काय सांगतात ते बघून पेट्रोल कमीजास्त करायची सवय लावून घेतो. ती सगळी अनुभवस्मृती तुम्ही पुसून टाकता.”

“म्हणून तर पुसतोय. जुनी गाडी दुखणं अंगवळणी पाडून घेती बघा. मग विचारलं तर बरी हाय म्हणती. कोरी केली की पयल्या मिनटात खरं सांगती.”

दहा मिनिटांनी तार जोडून त्यांनी गाडी सुरू केली. ती थरथरायला लागली. पुढच्या सीटवर दिगंबरराव पेंगत होते. त्यांनी डोळाही उघडला नाही. बशीरभाईंनी हातातल्या पडद्यावर बोट ठेवलं. संगणक शंभरातले आठ भाग पेट्रोल तोडत होता. प्राणवायू कमी पडतोय, अशी संवेदकाची तक्रार होती. काल गॅरेजात हीच कपात शून्य होती.

हेमलताबाई आकड्याकडे बघत राहिल्या. त्यांच्यातली जुनी शास्त्रज्ञ जागी झाली. “गाडी तीच, संवेदक तेच, पेट्रोल तेच. दोन जागांत वेगळं काय?”

“वेगळं काय असनार? हितं छप्पर हाय.” बशीरभाईंनी मान वाकडी करून इंजिनाला कान दिला. “पर एक सांगतो मॅडम. इंजिनात स्वतःचाच धूर परत शिरला की ते असंच हालतं. आणि आपली नळी तर कुठं फुटलेली न्हाई.”

“धुरात कर्बवायू असतो, कार्बन डायऑक्साइड,” बाई पुटपुटल्या. गावाबाहेरच्या टेकडीत दोन वर्षांपूर्वी कर्बकोठार झालं होतं. कारखान्यांचा कर्बवायू कातळात कोंडायचा, तो तिथेच दगड होऊन बसणार. पण कातळाला भेगा असतात, आणि त्या गावाखालपर्यंत येऊ शकतात. कर्बवायूला रंग नाही, वास नाही, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे तो सखल जागी साचतो. म्हणजे आपण महिनाभर साप साप म्हणून भुई धोपटत होतो की काय?

त्यांनी भिंतीवरच्या हवादर्शकाकडे पाहिलं. हिरवे आकडे: दहा लाख भागांत कर्बवायू चारशे. हवा उत्तम.

“शक्य नाही,” त्या सुटकेने म्हणाल्या. “हे यंत्र माझं आहे, बशीरभाई. शहरातल्या प्रत्येक तळघरात हेच आहे, आणि याच्या सांगण्यावरून पंखे चालतात. ‘स्वयंशून्य’ तत्त्व. आठवडाभरातला सगळ्यात कमी आकडा म्हणजे स्वच्छ हवा, असं धरून ते आपलं शून्य आपणच लावतं. याला मिस्त्री लागत नाही.”

“आणि आठवडाभर हवा घाणच ऱ्हायली तर?”

बाई बोटांवर आठवडे मोजू लागल्या. वायू हळूहळू वाढत गेला, तर यंत्र दर आठवड्याला त्यालाच स्वच्छ म्हणायला शिकणार. आकडा हिरवाच राहणार आणि पंखे लागणारच नाहीत. दोन महिने ते लागले नव्हते. वीज वाचवल्याबद्दल सोसायटीचा सत्कारसुद्धा झाला होता.

“ह्याची बॅटरी कुणी काढत न्हाई व्हय?” बशीरभाई सहज म्हणाले.

पण बाई तेव्हा गाडीच्या काचेतून आत बघत होत्या. दिगंबररावांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. ते भराभर श्वास घेत होते.

“गाडी वर घ्या!” त्या ओरडल्या. “ह्यांना घेऊन. आत्ता!”

त्यांनी भिंतीवरचं यंत्र उपटून काखेत मारलं आणि त्या चढावरून गाडीमागे धावल्या. मोकळ्या हवेत येताच इंजिनाचे गचके कमी होत गेले आणि अर्ध्या मिनिटात ते शांत घुमू लागलं. बाईंनी वॉचमनला तळघर बंद करायला लावलं आणि महानगरपालिकेच्या हवा कक्षाला फोन केला.

“मॅडम, तुमच्या तळघराचा आकडा तर उत्तम आहे,” पलीकडचा अधिकारी म्हणाला.

“तोच तर रोग आहे. शहरातले सगळे पंखे हाताने चालू करा आणि आकड्यांवर विश्वास ठेवू नका. चूक माझी आहे.”

मग त्या दिगंबररावांना झाडाखालच्या बाकावर घेऊन बसल्या. डॉक्टर येऊन तपासून गेले. दोन तास गेले. चहा झाला. बशीरभाईंनी गाडी तीनदा बंद करून तीनदा सुरू करून पाहिली; एकदाही थरथरली नाही.

दिगंबररावांनी बाकावरचं यंत्र उचललं, चष्मा नीट केला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“हेमा, हे काय? दहा लाखांत उणे एकोणीस हजार? वायू शून्याखाली जाईल कसा? की यानं आपलं शून्यच वर नेऊन ठेवलंय?” त्यांचा आवाज वर्गातला, करडा होता. “कुणा गाढवाने बनवलंय हे?”

हेमलताबाईंना हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडू आलं.

“मी बनवलंय,” त्या म्हणाल्या. “आणि रोज सकाळी तिथे तुम्हाला नेऊन बसवत होते, तीही मीच.”