तिथून आपलं घर दिसतं

श्रावण सरत आला होता आणि पेणच्या एस.टी. स्टँडवर नाथा म्हात्रे महाडच्या गाडीची वाट बघत उभा होता. हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन भाकऱ्या, कांदा, आणि तळाशी घडी घातलेलं एक हिरवं लुगडं. सकाळची गावची गाडी जोह्यात अर्धा तास अडकली होती, कारण गणपती भरलेला एक टेंपो चिखलात रुतला होता आणि मूर्ती वाचवायला अख्खा गाव रस्त्यावर आला होता. एरवी नाथानंही खाली उतरून टेंपोला खांदा लावला असता. त्या दिवशी तो पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिला.

साठीचा माणूस, सगळा जन्म खाडीकाठच्या मिठागरात गेलेला, आणि तो निघाला होता भर पावसाळ्यात महाबळेश्वर बघायला. कोणीही म्हणालं असतं की बाबाचं डोकं फिरलंय. त्याच्या मुलानं, काळुरामनं, तसं तोंडावर म्हटलंही. पण नाथाला जावंच लागणार होतं. त्यानं शब्द दिला होता, आणि तोही मेलेल्या माणसाला.

महिन्यापूर्वी, ऐन आषाढात, त्याची बायको इंदुबाई तापानं गेली. दहाव्याला खाडीच्या कडेला पिंड ठेवले. समोर तिवरांच्या झाडांवर कावळे ओळीनं बसलेले, पण एकही खाली उतरेना. काळुराम म्हणाला, बाबांना सांभाळीन. सून शांती म्हणाली, तुमची तुळस सुकू देणार नाय. तिच्या भावानं काही कबूल केलं, बहिणीनं काही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी भटजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा नाथा मान खाली घालून पुढे आला आणि हळूच बोलला, “इंदू, तुला नेतो गो महाबलेश्वरला.”

तो वाक्य पुरं करतो न करतो तोच कावळा पिंडावर होता.

बायामाणसांनी पदर डोळ्यांना लावले. बिचारीची हौस राहिली होती, असं सगळे म्हणाले. नाथा मात्र मनातून हादरला, कारण ही हौस तिला कोणी लावली आणि कशी लावली, हे त्याच्या एकट्याच्या पोटात होतं.

बासष्ट साली, वळवाच्या दिवसांत, मिठागराच्या सोसायटीनं कामगारांची सहल काढली होती. बावीस गडी एका ट्रकमधून महाबळेश्वरला गेले. दोन दिवस धुक्यानं हाताचा पंजासुद्धा दिसू दिला नाही. भिजले, कुडकुडले, घाटात ओकले आणि परत आले. पण गावात उतरले तर अख्खी आळी वाट बघत उभी! एवढ्या माणसांसमोर ‘काय नाय दिसला’ असं कसं सांगायचं? मग एकानं दरी सांगितली, दुसऱ्यानं धबधबा सांगितला, आणि थापांना ऊत आला. घरी आल्यावर नाथानं त्या सगळ्यांवर ताण केली. तो इंदूला म्हणाला, “मावलतीला एक पॉइंट हाय. तिथनं आपली खाडी दिसते. मिठाची आगरं चकचकतात. आपलं घर पन दिसतं.”

“आनि मी? मी दिसले काय?”

“दिसलीस की. अंगनात सुकट पसरत व्हतीस.”

आता खाडीकाठची बाई उन्हाच्या दिवसांत अंगणात दुसरं काय करणार? पण त्या दिवशी ती नेमकी सुकटच पसरत होती. इंदू चुलीपुढे बसली होती, तिचा चेहरा लालेलाल झाला. एवढ्या लांबून आपल्या माणसानं आपल्याला ओळखलं, याचं तिला इतकं वाटलं की बावीस वर्षं ती ते विसरली नाही. पाणवठ्यावर सांगायची, लग्नाकार्यात सांगायची. दरसाल म्हणायची, “एकडाव मना न्या. दुरून आपलं घर कसं दिसतं ते बघायचंय.” आणि नाथा दरसाल म्हणायचा, “पुढच्या वर्षी.” मग मिठावरच्या उन्हानं तिचे डोळे गेले. शेवटच्या दोन वर्षांत ती माणसं चालीवरून ओळखायची.

गाडी आली. नाथानं दोन तिकिटं मागितली तेव्हा कंडक्टर हसला. “आजोबा, पिशवीचं तिकीट नसतं.”

“मानसाचं हाय,” नाथा म्हणाला.

कंडक्टरनं शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि दोन तिकिटं फाडली. गडबच्या थांब्यावर गाडी गच्च भरली. लोक दांडीला लोंबकळत उभे राहिले. नागोठणं गेलं, कोलाड गेलं, माणगाव गेलं. त्या जागेवर बसू का, असं नाथाला कोणीही विचारलं नाही.

महाडला गाडी बदलली. पोलादपूरनंतर घाट लागला आणि धुकं खिडकीतून आत आलं. तेच धुकं. बावीस वर्षांत जणू ते हललंच नव्हतं.

दुपारी तीनच्या सुमाराला तो त्या मावळतीच्या पॉइंटवर पोचला. काय होतं तिथं? लाल चिखल, घोड्यांची लीद, प्लास्टिक बांधून बंद केलेल्या दुकानांची रांग, आणि एक लोखंडी कठडा. कठड्यापलीकडे पांढरा अंधार. एक म्हातारी तेवढी शेगडीवर कणसं भाजत बसली होती.

“काय बघायला आलाईसा?” तिनं विचारलं.

“हितनं... समुद्र दिसतो म्हनतात. खाडी दिसते.”

म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. “चाळीस वर्सं हितं बसतीया. उन्हाळ्यात बी मला कवा दिसला न्हाई. आमीच सांगतो दिसतो म्हून. लोक बी मान हलवत्यात. एवढ्या लांबनं आल्यावर काय दिसलं न्हाई म्हनायला जिवावर येतं की.”

नाथानं तिच्याकडे बघायचं टाळलं. तो कठड्यापाशी गेला, पिशवीतलं इंदूचं लुगडं काढून हातावर घेतलं. दहा पावलांत शेगडीचा उजेड नाहीसा झाला. आवाजही गेले. कणसांची तडतड नाही, पाण्याची टपटप नाही. कान दाबून धरल्यासारखी शांतता. मग त्याला वास आला. ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या खाजणाचा, काळ्या चिखलाचा, मिठाचा वास. एवढ्या उंच डोंगरावर.

“हाच काय त्यो पॉइंट?”

आवाज अगदी शेजारून आला होता. नाथाच्या अंगावर सरसरून काटा आला, पण त्याला पळावंसं वाटलं नाही. महिन्याभरात घरात हा आवाज ऐकू आला नव्हता. त्याचे डोळे भरून आले.

“हाच गो.”

“कुठं हाय घर?”

नाथानं हात वर केला आणि त्या कोऱ्या पांढऱ्याकडे बोट दाखवलं. “त्ये बघ... नाकासमोर. ती खाडी. त्यो बांध. बांधाच्या अलीकडं आपलं घर.”

मग, “मना नाय दिसत हो.”

“नीट बघ.”

“बघते... नाय दिसत.” आवाज बारीक झाला. ती रडत होती. “माजे डोलेच मेले. डोले व्हते तवा यायला पायजे व्हतं... आता उशीर झाला.”

त्या क्षणी नाथानं खरं बोलायला हवं होतं. इंदू, तुझ्या डोळ्यांचा दोष नाही, इथून कोणालाच काही दिसत नाही, मलाही दिसलं नव्हतं. एवढंच. त्यानं तोंड उघडलं. पण बावीस वर्षं जिभेवर बसलेलं खोटं असं सहजी उठत नाही, आणि रडणाऱ्या बायकोला तो कधी बघू शकला नव्हता. तो भलतंच बोलून गेला.

“धुकं हाय गो म्हनून. सरंल. मी घरी जातो आनि रोज सांजचा अंगनात उभा राहतो. हात हलवतो. म्हंजे तुला खूण सापडंल. दिसंल तुला.”

“खरं?”

“खरं.”

“बरं...” ती म्हणाली. “मग मी जरा पुढं व्हऊन बघते.”

हा आवाज कठड्याच्या पलीकडून आला. जिथं जमीन नव्हती तिथून.

“इंदू!”

“जरा पुढनं दिसंल...” आणखी लांबून. “...जरा पुढनं...”

नाथाच्या हातावरचं लुगडं चिंब भिजलं होतं. त्यानं ते जिभेला लावलं. खारट होतं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापासून तो रोज दिवेलागणीला अंगणात उभा राहू लागला, डोंगरांच्या दिशेला तोंड करून, हात वर करून. काळुराम चिडला. “बाबा, लोक हसतात. काय चाललंय हे?” नाथाचा हात वरच होता. शांतीला मात्र कळवळा आला. तिला सातवा महिना होता. ती ओट्यावर बसून त्याला सोबत करायची. गणपती आले नि गेले. दसरा गेला. आगराची कामं सुरू झाली, बांध लिंपले, वाफ्यांत खाडीचं पाणी घेतलं. शांतीला मुलगी झाली. पौषात पहिलं मीठ धरलं.

एके सकाळी आगराचा राखणदार जनू घरी आला. जनू नाथाच्या बरोबरीचा, त्या ट्रकमधून महाबळेश्वरला गेलेल्या बावीस जणांतला. तो ओट्यावर टेकला आणि विडी पेटवायची विसरून तशीच हातात धरून बसला.

“नाथा, शेवटच्या वाफ्यात कोनीतरी चाललंय. मिठावर पावलं हाईत. बाईमानसाची.”

“असंल कोनी मजुरीन.”

“यायच्या पावलांचा माग खाडीकडनं हाय. खाडीतनं वर आलीत.”

नाथा जाऊन बघून आला. डावं पाऊल किंचित आत वळलेलं, उजव्या टाचेला उभी भेग. ती भेग किती रात्री त्यानं कोमट मेणानं भरली होती. त्यानं फावडं घेतलं आणि पावलं पुसून टाकली.

तिसऱ्या दिवशी पावलं अलीकडच्या वाफ्यात होती. आठवड्यानं आणखी अलीकडे. रोज तेवढीच, रोज घराकडे तोंड केलेली. माघाच्या सुरुवातीला ती घरालगतच्या वाफ्यात आली, अंगणापासून वीसेक पावलांवर.

त्या संध्याकाळी नाथानं शांतीला बाळासकट आत पाठवलं आणि कडी लावायला सांगितली. मग तो अंगणात उभा राहिला. हात वर करायला तो भीत होता. खाडीवरचा वारा पडला. खाजणाचा वास आला. बांधावर कोणी नव्हतं, पण वाफ्यातलं मीठ पायाखाली चिरडल्यासारखं कुरकुरलं.

“हितनं पन नाय दिसत हो.”

एवढ्या जवळून. एवढी चालून येऊन. नाथाचं काळीज फाटलं. आता हात हलवला असता, हाक मारली असती, तर ती अंगणात आली असती. अंगणातून ओट्यावर. ओट्यावरून आत, जिथं तिची तीन महिन्यांची नात झोपली होती, आणि मग ती कधी परत गेली नसती. आता खोटं बोलून चालणार नव्हतं.

“इंदू...” तो म्हणाला. “तुजे डोले चांगले व्हते. तिथनं काय दिसत नाय. मी खोटं बोललो. पयल्यापासनं. जनूला विचार. आमाला कोनालाच काय दिसला नव्हता.”

मिठाची कुरकुर थांबली.

तो वाट बघत राहिला. घराबद्दलच्या, खाडीबद्दलच्या, आगरांबद्दलच्या थापांवर ती संतापेल, असं त्याला वाटलं. ती शिव्या देईल, आणि मग सुटेल. पण घराचं तिनं नावच काढलं नाही.

“मग त्या दिशी...” ती म्हणाली, लहान पोरीसारखी, “सुकट पसरताना... मी तुमाला दिसले नव्हते?”

नाथानं नकाराची मान हलवली. मग तिला मान हलवलेली दिसणार नाही हे लक्षात येऊन तो मोठ्यानं, रडत, म्हणाला, “नाय गो. नव्हतीस दिसली.”

वास गेला. वारा परत सुटला. आत बाळ रडायला लागलं आणि शांतीनं त्याला थोपटलं.

सकाळी जनू आला तेव्हा नाथा ओट्यावरच बसलेला होता. रात्रभर तो तिथून हलला नव्हता. जनूचा चेहरा पांढरा पडला होता.

“परत हाईत,” तो म्हणाला. “या डाव सगल्या वाफ्यांत. एकसुद्धा वाफा कोरा नाय.”

नाथानं वर न बघता विचारलं, “तोंड कुठं हाय? घराकडं, का खाडीकडं?”

जनूनं आगराकडे वळून पाहिलं.

“सगलीकडं,” तो म्हणाला. “वाट चुकल्यावानी, सगलीकडं.”