नवव्या दिवसाआधी

मी भुतंखेतं मानणाऱ्यांतली नव्हते. आणि थापाच मारायच्या असत्या, तर त्यात स्वतःची चूक सांगितली नसती.

फेब्रुवारी १९८६. रशियातलं इझेव्स्क. तळं गोठलेलं. दुपारचे बारा.

बंदुकांच्या कारखान्यात मी नळ्या सरळ करायचे. नळी खिडकीकडे धरायची, एक डोळा मिटायचा. आत सावलीच्या कड्या दिसतात. कडी वाकडी, तर नळी वाकडी. हे मला लुकिचनं शिकवलं. चाळीस वर्षं खिडकीजवळच्या त्याच स्टुलावर बसला आणि सोमवारी झोपेतच गेला.

आमच्याकडे माणूस गेला की नऊ दिवस त्याच्या जागेवर कुणी बसत नाही. तिथं व्होडकाचा पेला, त्यावर काळ्या पावाचा तुकडा.

तो चौथा दिवस होता. आणि महिनाअखेर.

"रिम्मा, उजेड तिथंच चांगला आहे," आमचा मुकादम रफकात म्हणाला. "दोनशे नळ्या पडल्यात. म्हातारा काही उठून भांडणार नाही."

"अहो, नऊ दिवस तरी जाऊ द्या."

"नऊ दिवसांनी वरचे साहेब माझंच श्राद्ध घालतील."

मी पेला उचलून खाली ठेवला. बसले.

साठेक नळ्या झाल्या असतील. पुढची डोळ्याला लावली. कड्या सुरेख, गोल...

आणि आत अंधार झाला.

पलीकडून कुणीतरी डोळा लावावा तसा.

नळी खाली घेतली. समोर खिडकी. बर्फ. कुणी नाही.

पुन्हा लावली. अंधार... आणि त्या अंधारात काहीतरी ओलसर हललं.

नळी बाजूला ठेवली. रफकातनं ती उचलून बघितली.

"आरशासारखी आहे. नखरे पुरे." त्यानं पास म्हणून स्वतःचा शिक्का मारला.

पुढे ती कुठं जाणार, मला माहीत होतं. झखारकडे. माझ्या नवऱ्याकडे. नव्या नळ्यांतून पहिल्या तीन गोळ्या तोच झाडायचा.

तासभर कळ काढली. मग काम टाकून धावले.

गोळीबाराच्या खोलीचं लोखंडी दार बंद होतं. चालू असताना आत जायची बंदी. मी बाहेर दाराला कान लावून उभी.

एक गोळी.

दुसरी...

मग काहीच नाही.

दार उघडलं. झखार बाहेर आला. चेहरा पिठासारखा पांढरा.

"आत कोण आहे रे?" मी विचारलं.

"कुणी नाही," तो म्हणाला. "लुकिचनं हाक मारली."

आणि त्याच्या पाठीमागे, रिकाम्या खोलीत, तिसरी गोळी सुटली.

नळी मधोमध फाटली होती. एक तुकडा भिंतीत घुसला होता, बरोबर झखारच्या कपाळाच्या उंचीवर.

"काय म्हणाला रे लुकिच?"

"बाहेर हो म्हणाला. बस."

मी रडले. लुकिचच्या नावानं चर्चमध्ये मेणबत्ती लावली. जीव वाचवला होता त्यानं.

त्यानंतर झखार बदलला. मला नोकरी सोडायला लावली. मला एकटीला कुठं सोडेना. दुकानात बरोबर, बहिणीकडे बरोबर. मी न्हाणीघरात असले की दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचा.

"शेपूट आहे तुझं," बहीण चिडवायची.

मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. एवढं प्रेम कुणाचा नवरा करतो?

अडतीस वर्षं असं चाललं.

गेल्या मंगळवारी त्याला अर्धांगाचा झटका आला. रुग्णवाहिकेत घालताना त्यानं माझं मनगट पकडलं. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले.

"रिम्मा... तो नुसतं बाहेर हो नव्हता म्हणाला."

"मग?"

"म्हणाला, तू बाहेर हो, झखार. ही तिच्यासाठी आहे. तिला एकटीला आत पाठव."

डॉक्टर म्हणतात, झखार आता घरी येणं कठीण आहे. दिवसा त्याच्याजवळ बसते. पाच वाजले की नर्स मला बाहेर काढते.

बहीण जाऊन दोन वर्षं झाली. घरी दुसरं कुणी नाही.

आत्ता साडेपाच झालेत. मी आमच्या इमारतीच्या जिन्यात बसून हे लिहितेय. किल्ली हातात आहे. दार अजून उघडलेलं नाही.