खिडकीची जागा

धारवाडची बस हुबळीच्या स्टँडवर नीट थांबायच्या आतच लोक खिडकीतून रुमाल, टॉवेल, पिशव्या आत टाकत. टाकला की जागा आपली. अठ्ठ्याहत्तर साली यशवंतही तेच करी. त्या दिवशी त्याने रुमाल टाकला, गर्दीतून कसाबसा आत शिरला, आणि पाहतो तर त्या जागेवर एक मुलगी. मांडीवर ओली छत्री.

"ही जागा..." तो अडखळला.

"मी छत्री टाकली होती."

"छत्रीच्या आधी माझा रुमाल... तुम्ही बहुतेक त्यावरच बसलाय."

ती चटकन उठली. रुमाल होता. चांगलाच भिजलेला. तिला हसू आवरेना आणि त्याला कुठे बघावं कळेना.

"याक्री जगळ? इब्बरू कूड्रि!" कंडक्टर ओरडला. भांडता कशाला, दोघं बसा की! बाक दोघांचंच होतं. खिडकी तिला मिळाली.

कुसुमावती हुबळीतल्याच केशवापूरच्या एका कापडव्यापाऱ्याची मुलगी, धारवाडला संस्कृत घेऊन एम.ए. करणारी. यशवंत तिथल्याच एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. पुढे रोज तो रुमाल टाकून तिच्यासाठी खिडकी धरू लागला. तिने सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं.

एकदा उणकलचं तळं मागे पडताना त्याने विचारलं, "अँटिसिपेशनला मराठीत काय म्हणाल? एका लेखाचं भाषांतर करतोय, तिथेच अडलंय."

"अपेक्षा?"

"थोडं वेगळं..."

"बरंच आहे. अपेक्षा सासरची माणसं ठेवतात. प्रतीक्षा?"

"ती रेल्वे स्टेशनच्या पाटीवर असते."

"मग उत्कंठा घ्या. उत् म्हणजे वर, कंठ म्हणजे गळा. मान उंच करून बघणं." ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "मी यायच्या वेळी तुम्ही करता, तसं."

यशवंतचे कान तापले. घाईघाईने तो म्हणाला, "लॅटिनमध्ये मात्र... आधीच घेऊन ठेवणं, असा मूळ अर्थ आहे."

"म्हणजे रुमाल टाकणं की हो, सर!"

तो हसला. पण रात्रभर त्याला उमजेना— ती शब्दाबद्दल बोलली, की त्याच्याबद्दल?

सोमवारी ती स्टँडवर आली ती वडिलांबरोबर, अप्पांबरोबर. शेजारी टाय लावलेला एक तरुण. अप्पा त्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होते. यशवंतला वाटलं, संपलं. धरलेली खिडकी त्याने एका म्हातारीला दिली आणि स्वतः मागे जाऊन दांडीला धरून उभा राहिला. कुसुमावती बसमध्ये चढली, त्या जागेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे... आणि पुढेच उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून त्याने आधीची बस धरली. आपण शहाणपणा केला की पळालो, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना.

शनिवारी संध्याकाळी धारवाडच्या स्टँडवर तिने त्याला गाठलंच.

"जागा धरायचं का सोडलंत?"

"तुमचं लग्न ठरलं ना..."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच... तसं धरून चाललो."

"सांगलीचा मुलगा बघायला आला होता. अप्पांना उत्तर मी आज रात्री द्यायचंय. आणि तुम्ही ते सोमवारीच देऊन मोकळे! मला विचारलंत तरी का?" "खिडकीसुद्धा कधी विचारून धरली नाहीत, सर. मला वाऱ्याने सर्दी होते."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही जागा धरायचंच सोडलं असतंत, तर शेजारी कोण बसायचं?"

तेवढ्यात हुबळीची बस वळली. लोक धावले. त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"कुसुमावती," तो म्हणाला. तिचं नाव तो पहिल्यांदाच घेत होता. "मी... आज तुमच्या घरी येऊ का? अप्पांना भेटायला. तुम्हाला चालणार असेल तर."

त्याच्या खिशातला रुमाल तिनेच ओढून काढला आणि धावत जाऊन खिडकीतून आत टाकला.

बसल्यावर— या वेळी खिडकीशी तो— ती म्हणाली, "अप्पा विचारतील, मुलगा करतो काय?"

"सांगा, इंग्रजी शिकवतो."

"सांगेन, जागा धरतो."

हा होकार होता की थट्टा, हे यशवंतला वाटेतलं नवलूर गेलं तरी कळेना. मग तिने चुरगळलेला रुमाल त्याच्या हातात दिला... आणि हात मागे घ्यायचं विसरली.