शून्य मर्गाचा तलाव

विषय : तलावाकाठी राहते घर घेण्याबाबत.

संदर्भ : नीळकंठ गंधे, निवृत्त अव्वल कारकून, यांनी नव्या तलावावर काढलेली एक रात्र. दिनांक २३ नोव्हेंबर २००६, वार गुरुवार.

"हे काय, बबनकाका? गोष्ट सांगून राह्यले का टिपणी वाचून राह्यले?" मितालीनं विचारलं.

लाईट गेली होती. गच्चीवर सतरंजी अंथरलेली होती आणि मंदारनं मोबाईल उलटा घालून ठेवला होता.

"गोष्टच आहे," बबनराव म्हणाले. "पण ज्याची आहे तो माझ्या शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसला. विषय-संदर्भ सोडून सांगितली तर वरून त्रुटी काढून परत पाठवेल. ऐका आता."

नीळकंठला निवृत्तीनंतर एकच गोष्ट हवी होती. जिथे कोणी कागद घेऊन येणार नाही, असं घर. त्याच्या नोकरीची शेवटची सहा वर्षं मयतांच्या टेबलावर गेली होती. कोणाचा माणूस अवेळी गेला की सरकारी मदतीचा अर्ज त्या टेबलावर यायचा. ती कापसाची वर्षं होती. किती अर्ज यायचे ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही याच जिल्ह्यात जन्मलात. पहिल्या वर्षी नीळकंठ रात्रीचा जेवत नसे. दुसऱ्या वर्षी जेवू लागला. तिसऱ्या वर्षापासून तो अर्जदाराकडे मान वर करून बघेनासा झाला. कागद बघायचा, लाल शाईनं त्रुटी लिहायची, "उद्या या" म्हणायचं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं त्याचं आतून झालं होतं. बायको, रजनी, गेली तेव्हाही त्यानं दाखल्याच्या पाच प्रती काढल्या, पाचही शिक्के तपासले आणि घरी येऊन वरण-भात लावला.

केळापूरच्या अलीकडे, फाट्यावरून आत गेलं की दोन तलाव लागतात. मध्ये बैलगाडी जाईल एवढी पाळ. डावीकडे जुना तलाव, उजवीकडे नवा. दोन्हींवर एकेक घर विकायला होतं. जुन्यावरचं एका मास्तरांचं. समोर कमळं, शेजारी देऊळ, घाटावर दिवसभर धुणं आणि धुण्याबरोबर गावभरच्या बातम्या. नव्यावरचं एका जिनिंगवाल्याचं. जिनिंग बंद पडलं आणि मालक नागपूरला निघून गेला. तिथे ना देऊळ, ना घाट, ना माणूस. नुसतं पाणी.

"साहेब, पानी दोन्हीकडं सारखंच ओलं हाये," दलाल फुलचंद म्हणाला. "तुमी फक्त बोट ठेवा."

नीळकंठ कागद पाहिल्याशिवाय बोट ठेवणाऱ्यांतला नव्हता. बुडून कोणी मेलं की पोलीस जी नोंद घेतात, तिला आपल्याकडे मर्ग म्हणतात. त्यानं ओळखीच्या हवालदाराकडून मागच्या वीस वर्षांचे मर्ग काढवून घेतले. जुना तलाव, अकरा. नवा तलाव, शून्य.

"शून्य, बबन!" तो मला म्हणाला. त्या वर्षात त्याच्या तोंडावर हसू मी तेवढंच पाहिलं. "मला तिथे कोणी शोधत येणार नाही."

इसाराचे पैसे देण्याआधी एक रात्र राहून बघतो, म्हणाला. फुलचंदनं किल्ली दिली आणि पाळेवरच्या एका बाईला डबा पोचवायला सांगितलं.

बाई सातला आली. भाकर, वांग्याची भाजी. डबा ठेवला, पण गेली नाही.

"मले वयखलं नाही, साहेब?"

"नाही."

"कांताबाई. रामधन शिवरकरची बायको. तुमच्या टेबलावर चार खेपा आलते."

नीळकंठनं भाकर मोडली. "माझ्याकडे हजार जण येत होते, बाई."

"मा घरचा मानूस मासे धरे. याच तलावात. तीन वर्षं झाले, जाळं टाकाले गेला तो आलाच नाही. तुमी म्हनलं, मेल्याचा पुरावा आना."

"इथे कोणी बुडलेलं नाही," नीळकंठ म्हणाला. "मी रजिस्टर पाहिलं. शून्य आहे."

कांताबाई त्याच्याकडे बघू लागली. मास्तर चुकीचं गणित घालतात तेव्हा पोरं बघतात, तशी.

"साहेब, खाली बाभळीचं रान हाये. तलाव बांधला तवा तोडलंच नाही कोनी. मानूस खाली गेला का त्यातच गुतते. वर येत नाही. मानूस दिसला नाही त मर्ग कायचा? नुसतं हरवला म्हून लिवते पोलीस. जुना तलाव बरा, तो परत तरी देते. मले सांगा, साहेब, मी कुकू लावू का पुसू?"

नीळकंठचा घास तसाच हातात राहिला. मग त्यानं तो खाल्ला.

तिनं कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडली. आत तोच अर्ज. खाली कांताबाईचा अंगठा, त्याखाली लाल शाईत नीळकंठचं अक्षर. 'मृत्यूचा पुरावा जोडावा.' मागे टाचणीनं रामधनचं मच्छीमार सोसायटीचं कार्ड. कार्डावर रामधनचा अंगठा, आणि त्या ठशात मधोमध तिरपी, कोरी रेघ.

"जाळ्याच्या दोरीनं कापलता," ती म्हणाली.

"मी निवृत्त झालो, बाई."

"ठाऊक हाये." तिनं अर्ज खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला, वर त्याचाच चष्म्याचा डबा ठेवला आणि गेली.

साडेनऊला लाईट गेली. नीळकंठ कंदील लावून टेबलाशी बसला. झोप येईना. सवयीनं अर्ज वाचू लागला. त्रुटी एकच होती. ती त्याचीच होती.

अकरा वाजले. बाहेर बेडूक ओरडत होते.

मग थांबले.

सगळे एकदम.

खिडकीशी गार वास आला. तळाच्या चिखलाचा. कंदिलाची ज्योत हलली नाही. पण अर्जावरचा उजेड अर्धा झाला. कचेरीत गजांपलीकडे कोणी येऊन उभं राहिलं की होतो तसा.

"साहेब..."

नीळकंठची मान खालीच होती. सहा वर्षांची सवय. तोंडातून शब्दही आपसूक गेले.

"उद्या या."

कोणी हललं नाही.

थेंब पडत होते. खिडकीच्या दगडी कट्ट्यावर. एक... मग एक...

"पुरावा मांगतला होता तुमी..."

नीळकंठनं मान वर केली नाही. त्याला करता आली नाही. त्यानं डोळे मिटले. मिटले, तेव्हा एवढंच कळलं की चष्म्याचा डबा सरकला. अगदी सावकाश. मग एक आवाज. आपण शिक्का मारतो तसा. हलका.

एकच.

मग...

बबनराव थांबले. मंदारनं मोबाईल सरळ केला. मितालीनं त्याच्या हातावर चापट मारून परत उलटा घातला.

"मग काय, काका?"

"मग बेडूक."

सकाळी नीळकंठनं अर्ज पाहिला. लाल शाईच्या खाली, जिथे पुरावा जोडायचा होता तिथे, एक अंगठा उमटला होता. शाईचा नाही. काळसर हिरव्या गाळाचा. मधोमध तिरपी, कोरी रेघ.

त्यानं कार्ड शेजारी धरलं. मग गाळाच्या ठशावर बोट ठेवलं. बोट ओलं झालं, गार पडलं, आणि ते आपलंच बोट आहे हे त्याला पुष्कळ वर्षांनी जाणवलं, असं तो मला म्हणाला.

घर त्यानं घेतलं नाही. नव्यावरचंही नाही, जुन्यावरचंही नाही. किल्ली फुलचंदच्या हातात दिली.

"काहून, साहेब? पानी पसंत नाही पडलं?"

"इथेही कागद येतात," नीळकंठ म्हणाला.

सोमवारी तो अर्ज घेऊन आमच्याच कचेरीत आला. आत ये म्हटलं तर आला नाही. रांगेत उभा राहिला. त्याच्या जुन्या टेबलावर नवा पोरगा बसला होता.

"हा अंगठा कोणाचा?" पोरानं मान वर न करता विचारलं.

"मयताचा."

"मयताचा अंगठा चालत नाही. आणि ओला आहे हा. वाळवून आणा."

"वाळत नाही," नीळकंठ म्हणाला. "चार दिवस झाले. तुम्ही फक्त आवक क्रमांक द्या."

पोरानं दिला. त्यानंतर नीळकंठ दर सोमवारी रांगेत उभा राहायचा, कधी कांताबाईबरोबर, कधी एकटा. 'उद्या या' ऐकायचा आणि परत जायचा. भाड्याच्या खोलीत नऊ वर्षं काढली त्यानं, आणि तिथेच गेला. खोलीच्या आसपास विहीरसुद्धा नव्हती. पाच वर्षांपूर्वी कांताबाईही गेली. कपाळावर कुंकू होतं.

मागच्या मार्चात जुन्या फायली बांधायला मला बोलावलं होतं. ती फाईल वरच होती. बाकीच्यांना वाळवी लागलेली, हिला नाही. मी अर्जावरच्या त्या ठशावर बोट ठेवून पाहिलं.

बबनरावांनी उजव्या हाताचं बोट अंगठ्यावर चोळलं आणि धोतराला पुसलं.

"ओला होता," ते म्हणाले. "अर्ज प्रलंबित आहे."