माहा आवाज येऊन राह्यला का?

ही बनवलेली गोष्ट नाही.

ज्याच्यासोबत घडली तो मन्सूर आजही पांढरकवड्यात आपल्या घरी आहे. त्याची बायको गुलनार सगळं सांगते. फक्त फोन करून विचारू नका. त्यांच्या घरी आता फोन कोणी उचलत नाही.

२०१७ साल. दिवाळी नुकतीच झाली होती. त्या वर्षी गुलाबी बोंडअळी आली होती. पऱ्हाटीला बोंडं लदबदलेली, पण आत कापूसच नाही. बाजारात शुकशुकाट. मन्सूरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, तिथं दिवसदिवस कोणी फिरकत नसे. बसल्या बसल्या त्यानं माळ्यावरचा जुना माल खाली काढला आणि इंटरनेटवर विकायला टाकला.

त्यात जुनी साउंड कार्डं होती. कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची, वीतभर लांब, आता कुठं मिळत नाहीत अशी. शौकीन लोक ती शोधत असतात.

एक कार्ड यवतमाळच्या वामनरावांनी घेतलं. रिटायर माणूस. बायको वारलेली, घरी मुलगा, सून, नातू. आपला पहिला कॉम्प्युटर त्यांनी अजून जपून ठेवला होता. त्यातले जुने गेम त्यांना मूळ आवाजात ऐकायचे होते.

पार्सल पोचलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांचा फोन आला.

कार्ड चालते म्हणाले. आवाज झकास. पण गेम बंद केला की...

मागं एक बाई बोलते.

मन्सूर हसला. जुन्या कार्डात कधी कधी रेडिओ घुसतो, त्यानं समजावलं. कार्ड बाहेर काढा, त्याचे सोनेरी दात खोडरबरानं घासा, दुसऱ्या खाचेत बसवा. वामनरावांनी तसं केलं.

बाई बोलतच होती.

मग माइक बंद करून झाला. स्पीकर बदलून झाले. अर्थिंग तपासून झालं. रोज दुपारी फोन, रोज तीच तक्रार.

"म्हणते तरी काय ते?" शेवटी मन्सूरनं विचारलं.

"एकच," वामनराव म्हणाले. "माहा आवाज येऊन राह्यला का? इतकंच. अन् मंग थांबते... जसं कोणी उत्तराची वाट पाह्यते."

त्यांनी मोबाइल स्पीकरजवळ धरला. मन्सूरनं कान दिला.

नुसती खरखर.

मग खरखरही थांबली...

वामनरावांनी विचारलं, ऐकलं ना? मन्सूरला काहीच ऐकू आलं नव्हतं. तो आता कंटाळला होता. गमतीनं बोलून गेला, "काका, एकडाव हो म्हणून पाहा ना. चूप बसन ते."

त्यानंतर वामनरावांचा फोन आला नाही. तक्रार मिटली असं मन्सूरला वाटलं.

एका संध्याकाळी चहा पिताना त्यानं ही गंमत गुलनारला सांगितली. गुलनारनं कप खाली ठेवला. ते कार्ड आणलं कुठून, तिनं विचारलं. बस स्टँडमागचा बंद पडलेला कॉम्प्युटर क्लास, तिथला माल भंगारवाल्याकडून घेतला होता, मन्सूर म्हणाला.

त्याच क्लासात गुलनार लग्नाआधी टायपिंग शिकली होती. क्लास कोकिळाबाईंचा. त्यांचा नवरा कामासाठी दुबईला गेला होता. बाई हेडफोन लावून इंटरनेटवरून त्याच्याशी बोलायच्या. लाइन सारखी तुटायची, म्हणून सारखं तेच एक वाक्य. पोरी तोंड दाबून हसायच्या. पुढं तिकडून बोलणं बंद झालं. कायमचं. बाई मात्र विचारत राहिल्या...

मग कापसाचे भाव पडले. पोरींची फी थांबली, क्लास ओस पडला. एक दिवस घरमालकानं दार उघडलं, तर बाई खुर्चीत बसलेल्या. अंग गार झालेलं.

हेडफोन कानावरच होता.

गुलनारनं त्याला तिथल्या तिथं फोन लावायला लावला. वामनरावांनी उचलला नाही. पुढचे काही दिवस तो लावत राहिला. शेवटी उलटा फोन आला तो त्यांच्या सुनेचा, सलोनीचा.

"मन्सूरभाऊ, बाबाले काईच ऐकू येऊन नाही राह्यलं."

डॉक्टरांनी कान तपासले होते. कानात दोष नव्हता. तरी दाराची बेल, कुकरची शिट्टी, नातवाचं रडणं, काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

पण त्या कॉम्प्युटरपुढं बसून ते दिवसभर बोलत होते.

मन्सूर पहिल्या एसटीनं यवतमाळला गेला. वामनराव खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, चेहरा खुललेला. त्यानं हाक मारली, त्यांनी मान वळवली नाही. मन्सूरनं पेचकस काढला आणि कॉम्प्युटरचं झाकण उघडलं.

आत खाच रिकामी होती.

सलोनी हळूच म्हणाली की कार्ड तिनं कधीच काढून फेकलं. विजेची वायरही तिनंच काढली होती. पिन जमिनीवर पडली होती.

स्क्रीन काळा. स्पीकर मुका.

आणि वामनराव प्रेमानं सांगत होते, "हो, येऊन राह्यला. बोल."

मग त्यांनी बोट वर केलं. पहिल्यांदाच मन्सूरकडं पाहिलं.

"थांबा... ते विचारून राह्यली, सोबत कोण हाये."

सांगू नका म्हणून मन्सूरनं जोरजोरात मान हलवली. हात जोडले.

"मन्सूरभाई हायेत," वामनराव स्पीकरकडं वाकून म्हणाले. "पांढरकवड्याचे. त्यायनंच तं सांगतलं मले, हो म्हण म्हणून."

खोलीत कसलाच आवाज झाला नाही. मन्सूर झाकण तसंच उघडं टाकून बाहेर पडला, तो थेट स्टँडवर येऊन थांबला.

उरलेली कार्डं त्यानं भंगारात घातली. वामनराव अजून तसेच आहेत, सलोनी सांगते.

मन्सूरला मात्र काही झालं नाही. निदान तो तरी तसं म्हणतो. हल्ली गुलनारला त्याला दोनदा हाका माराव्या लागतात. पंख्याचा आवाज होतो, तो म्हणतो.

मागच्या आठवड्यात गुलनारनं गुपचूप पंखा बंद केला. त्याच्या पाठीशी उभी राहून तिनं हाक मारली. मग आणखी मोठ्यानं मारली.

मन्सूर वळला नाही.

तो भिंतीकडं तोंड करून बसला होता... आणि हळूहळू होकारार्थी मान हलवत होता.